आत्याचे पसरलेले हात

मावशी एकोणीस वर्षं खेळण्यांच्या कारखान्यात डोळे रंगवते. वीतभर उंचीच्या पुतळ्यांचे डोळे. आधी डावा, मग उजवा, आणि दोन्हींच्या मध्ये श्वास घ्यायचा नाही. तिच्याहून मोठा असलेला व्यवस्थापकसुद्धा तिला मावशीच म्हणतो.

टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेतल्या सात पात्रांचे हक्क कंपनीने घेतले होते. त्यातला निळ्या कोटाचा कप्तान खपला, म्हणून हे कप्तानच काढत सुटले. साधा कप्तान, भिजलेला कप्तान, दाढीवाला कप्तान. बाकीचे सहा जण कागदावरच. पुतळे जमवणारे लोक पत्रं लिहून थकले, "कप्तान पुष्कळ झाले, त्याची आत्या कधी देता?" वाचतो कोण! शेवटी गोदामात कप्तान छताला टेकले, दुकानांतून खोकी परत यायला लागली, आणि एका शुक्रवारी सकाळी साहेब रंगखोलीत येऊन म्हणाले, "सोमवारपासून ही खोली बंद."

खोलीत अकरा बायका. मी युनियनचा माणूस. टेबलावर हात आपटला.

"चूक तुमची आणि घरी यांनी बसायचं? सहा जणांचे हक्क काय उशाला घेऊन झोपायला घेतले होते?"

"पुढारी, टेबल हलतंय," मावशी मान वर न करता म्हणाली. "माझा कप्तान तिरळा होईल."

साहेबांचाही आवाज चढला. "आत्या उद्या काढतो हो, साचा तयार पडलाय! पण मालिकावाल्यांनी मंजूर केलेला नमुना लागतो. सहा वर्षांपूर्वी मंजूर झाला आणि हरवला. नव्या मंजुरीला चार महिने लागतात, हक्क तीन महिन्यांत संपतायत."

मावशीचा ब्रश थांबला. डावा डोळा झालेला, उजवा बाकी. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आत्या म्हणजे ती दीपगृहातली? हात पसरलेली?"

"तीच."

मावशीने ओले ब्रश आडवे ठेवायचं तिचं ते ठोकळ्यासारखं स्टँड पुढे सरकवलं. रंगाच्या थेंबांनी तोंड पार बुजलेलं. "मंजूर होऊन परत आली तेव्हा कपाटात जागा नव्हती. हातांवर ब्रश छान बसायचे. नंतर कुणी मागितलीच नाही, साहेब." तिचा चेहरा उतरला होता.

साहेबांनी ती उलटी केली. तळपायांवर शिक्का, सही, तारीख, सगळं शाबूत. सहा वर्षं उभीच होती ना! पण खालचे मंजूर रंग दिसल्याशिवाय शिक्क्याला काय चाटायचंय?

"थिनर लावू?" मी विचारलं.

"हात लावून बघा फक्त! थिनरने सगळंच जाईल. खाली मी वार्निशचे दोन हात दिलेत."

कोमट पाणी, साबण, कापसाचा बोळा, नखाची कड. तीन तास. तेवढा वेळ मी गप्प होतो, हे माझ्या बायकोला अजून पटत नाही. आधी डावा डोळा निघाला, तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यासकट. मग उजवा. तेव्हा कुठे मावशीने श्वास सोडला. साहेब खुर्चीत कोसळले. "काढा आत्या," म्हणाले.

सोमवारी खोली उघडी होती. अकराच्या अकरा जणी हजर, समोर डोळे नसलेल्या आत्यांच्या रांगा.

"आता ब्रश ठेवू कशावर?" मावशी कुरकुरली. मी गोदामातून एक कप्तान आणून दिला.

तिने त्याला फिरवून पाहिलं. "हा तर कमरेवर हात ठेवून उभा," म्हणाली. "काही कामाचा नाही."