लसूण-हिंगाचे बारदाने

हिवरखेडच्या आमच्या वावरात आम्ही कांद्याचं बी घेतो. कांद्याच्या गोंड्यावर मधमाशी बसली तरच बी भरतं, म्हणून यंदा पेट्या आणल्या. माश्या मात्र उठल्या की धुरा, म्हणजे बांध, ओलांडून थेट शेजारच्या चाचांच्या फुललेल्या सांबारावर, म्हणजे कोथिंबिरीवर. राहायला आमच्याकडे, जेवायला तिकडे! मला भारी राग यायचा.

एका सकाळी चाचा धुऱ्यावर आले. "बेटी, सांबारावर मावा पडला. आज सांजच्याला फवारा मारनंच पडते. तुह्या माश्यायचं पाहून घे."

संध्याकाळी माश्या घरीच असतात, पण उजाडताच त्याच विषारी फुलांवर जाणार. उग्र वास माशी टाळते असं ऐकलं होतं. लसूण-हिंग कुटून पाण्यात कालवलं, गोणपाटाचे बारदाने भिजवले आणि ते सांबारात टांगायचं काम नवऱ्याकडे दिलं. तिथंच घोटाळा झाला. डास चावू नयेत म्हणून आम्ही गोठ्यात गुरांभोवतीच कडुनिंबाचा धूर करतो. त्याच मायेनं यांनी बारदाने पेट्यांभोवती टांगले. दिवस कलला, माश्या परतल्या आणि दारापाशी नुसत्या घोंघावत राहिल्या.

"अवो, त्यायच्याच दाराले हिंग लावलं तं त्या घरात जातीन कशा?" मी ओरडले.

"मले वाटलं, औषध इथवर येऊ नये!"

धावपळ करून बारदाने उचलले, सांबाराच्या पट्ट्यात जागोजागी काठ्यांवर टांगले. माश्या आत गेल्यावर चाचांनी फवारणी उरकली.

सकाळी माश्या नेहमीसारख्या धुऱ्याकडे निघाल्या, वास लागताच वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. गेल्या पळून, असं वाटून मी पेट्यांकडे धावले. तेवढ्यात यांनी हाक मारली. आमच्या कांद्याचा गोंडा न् गोंडा माश्यांनी हलत होता! पन्नाशीची बाई मी, बांधावर चक्क नाचले.

काही दिवसांनी चाचा नाकाला रुमाल लावून आले. काखेत आमचे बारदाने.

"औषधाचा असर गेला, बेटी. पाठव आता तुह्या लेकीयले. माशी नाही बसली तं माहे धने कसे भरतीन?"

"पाठवतो ना चाचा. पन पुढच्या बारीले फवारा फूल याच्या आंधी मारजा."

चाचांनी हसत कानाला हात लावला.