समोरच्या पॅनेलमधली मैत्रीण

लग्न होऊन मी चाकणजवळच्या या गावात आले तेव्हा सासरी शेत उरलेलं नव्हतं. जमिनी कंपन्यांना गेल्या होत्या आणि सासऱ्यांनी घरामागे भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या. दुमजली, लांबलचक, लोखंडी जिन्याच्या. लातूर, परभणी, बुलढाणा, कुठून कुठून आलेली माणसं त्यात राहायची. दिवसात तीन वेळा कंपन्यांच्या बस वेशीपाशी थांबायच्या, डबे घेतलेली माणसं उतरायची आणि दुसरी चढायची.

मी चिंचवडची. आमचंही घर गावठाणातलंच, पण दारातून बाहेर पडलं की स्टेशन, कॉलेज, मैत्रिणी, सगळं पायाखालचं. इथे आल्यावर मला पायाखालचं काही राहिलं नाही. बी.कॉम. झाले होते. "आपल्याला काय कमी हाय म्हणून सुनेला नोकरीला धाडायचं?" असं सासरे म्हणायचे, आणि ते अगदी मायेनं म्हणायचे. त्या मायेशी भांडायचं कसं ते मला कळत नव्हतं.

ती जिन्याखालच्या खोलीत राहायची. परभणीकडची. नवरा एका कारखान्यात, ती गाड्यांच्या वायरी जोडायच्या कंपनीत कंत्राटावर. शाळेत जाणारी एक मुलगी. तिची दुपारची शिफ्ट असली की सकाळभर ती घरी असायची. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचे, ती खाली दारात भांडी घासत असायची. बोलणं तेवढंच. "वहिनी, आज लाइट जाणार हाय का?" मी मालकाची सून, त्यामुळे सगळ्या भाडेकरूंची वहिनी.

माझ्या वडिलांनी लग्नात स्कूटी दिली होती. गुरं विकल्यावर रिकाम्या झालेल्या गोठ्यात ती ताडपत्रीखाली उभी होती. मला चालवता येत नव्हती, शिकवायला कुणाला वेळ नव्हता. एका सकाळी ही खालची भाडेकरीण ताडपत्री उचलून बघत उभी होती. मला पाहून ओशाळली.

"नवीच हाय की वहिनी."

"येत नाही मला."

"मी शिकवते की. गावाकडं भावाची मोटारसायकल चालवायचे मी. बाप काठी घेऊन मागं लागायचा."

गावाच्या वरच्या अंगाला औद्योगिक वसाहतीच्या नव्या टप्प्याचे रस्ते तयार होते, पण कंपन्या अजून यायच्या होत्या. रुंद, गुळगुळीत, पूर्ण मोकळे रस्ते. कडेला कण्हेर लावलेली आणि मधोमध बसलेलं टिटवीचं जोडपं. सासूबाईंना सांगितलं, देवीला जाऊन येते. ती मागे बसली आणि पहिल्याच वळणावर मी गाडी सरळ कण्हेरीकडे नेली.

"अगं ए, ब्रेक! ब्रेक दाब की गं बये!"

आम्ही दोघी मातीत पडलो. तिचा कोपर सोलवटला होता. उठल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण मालकीणबाईंना अगं म्हणालो. चेहरा एकदम उतरला. मला मात्र इतकं हसू फुटलं की थांबेना. त्या गावात लग्नानंतर मला कुणी पहिल्यांदा अगं ए म्हटलं होतं.

त्यानंतर आम्हा दोघींमध्ये अहो राहिलं नाही. घरात, सासूबाईंसमोर, ती पुन्हा "वहिनी" आणि "तुमी" म्हणायची, पायरीच्या वर यायची नाही, चहा दिला तर तिच्यासाठी वेगळा ठेवलेला स्टीलचा पेला स्वतःच धुऊन पालथा घालायची. कंपाउंडच्या बाहेर पडलं की, "सरक जरा, कशी बसायलीस!" एकाच माणसाशी दोन भाषांत बोलायचं हे दोघींनाही विचित्र वाटायचं, पण त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. रविवारी तिला सुट्टी असली की स्कूटीवरून देहूला जायचो. दर्शन घ्यायचं आणि इंद्रायणीच्या घाटावर पाय सोडून बसायचं. ती कंपनीतल्या गमती सांगायची. सुपरवायझर कसा बोलतो ते करून दाखवायची. मी कॉलेजातल्या सांगायचे. सगळ्यात जास्त आम्ही आपापल्या आयांबद्दल बोलायचो. परत येताना वाटेत उसाचा रस. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत हलके दिवस होते असं आज वाटतं.

मग राज्यातला मोठा पक्ष फुटला. टीव्हीवर दिवसभर तेच. आमच्या घरी ते टीव्हीवर राहिलं नाही. सासरे एका गटात गेले, त्यांचे धाकटे भाऊ दुसऱ्या. दोन्ही घरं एका रस्त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर. आधी एका ताटात जेवलेले भाऊ एकमेकांकडे बघेनासे झाले. वेशीवरच्या फलकांवरून रोज भांडणं, फाडाफाडी. एकदा तर दोन्हीकडच्या पोरांनी हायवे अडवला आणि कंपनीच्या एका बसच्या काचा फोडल्या. ती त्या बसमध्ये होती. घरी आली तेव्हा तिच्या केसांत काचेचा चुरा होता. जिन्यावर बसवून मी तो वेचून काढला.

"भांडण तुमच्या घरचं," ती म्हणाली, "आन् काच माझ्या डोक्यात."

त्यानंतर ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डातली जागा बाईसाठी राखीव निघाली. सासऱ्यांनी मला विचारलं नाही, सांगितलं. "तू शिकलेली हायेस. सही कर, बाकीचं आमी बघतो."

दोन दिवसांनी ती मला म्हणाली, "चल, वरच्या रस्त्याला जाऊन येऊ." गाडी तिनेच चालवली. नेहमीच्या ठिकाणी थांबली, पण उतरली नाही.

"उद्या अर्ज भरायलेय मी."

"कसला?"

"पंचायतीचा. तुझ्याच वॉर्डात."

मला वाटलं, चेष्टा करते आहे. ती पुढे बघत बोलत राहिली. "तुझे चुलत सासरे आले होते. पॅनेलमध्ये घेतो म्हणले. त्यांचं राजकारण मला कळतंय, मी काय खुळी न्हाई. पण खोल्यांतल्या सगळ्या बाया म्हणल्या, उभी रहा. गावात नळाला पाणी हाय, आन् खोल्यांपाशी आली की पाइपलाइन संपते. आमी टँकरच्या मागं हंडे घेऊन पळायचं. मत मात्र आमचं बी मोजायलेत." मग वळून माझ्याकडे बघितलं. "तुझ्याविरुद्ध न्हाई गं. हो म्हणले तवा तू असशील हे मला ठाऊकच नव्हतं."

रागावण्यासाठी मनात काही सापडेना. आमच्या गच्चीवर पाण्याच्या मोठ्या टाक्या होत्या आणि खाली तिचा हंडा. एवढंच म्हणाले, "मामंजी तुला खोलीत राहू देणार नाहीत."

"ते बी ठाऊक हाय."

तसंच झालं. सासऱ्यांनी खोली रिकामी करायला सांगितली. मी जेवणाच्या ताटावर म्हणाले की हे बरोबर नाही. नवऱ्याने मान खाली घातली. सासरे म्हणाले, "माझ्या घरात राहून माझ्याविरुद्ध? हे कुठं बरोबर हाय?" दुसऱ्या दिवशी तिने सामान उचललं. फार लांब गेली नाही. समोरच्या, चुलत सासऱ्यांच्या चाळीत तिला खोली मिळाली. आमच्या गच्चीवरून तिचं दार दिसायचं. सामान हलवताना गॅसची शेगडी घेऊन ती रस्ता ओलांडत होती, आणि मी गच्चीत उभी. आमच्याकडची पोरं दारात बसलेली, त्यामुळे ना तिला वर बघता येईना, ना मला खाली उतरता.

माझं चिन्ह कपबशी, तिचं शिट्टी. खोल्यांतली झाडून सारी मुलं दिवसभर शिट्ट्या फुंकायची. सासरे वैतागून खिडक्या लावून घ्यायचे. मला त्या शिट्ट्या ऐकून हसू यायचं आणि मी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळायचे.

शेवटची सभा देवळासमोर झाली. माझं भाषण नवऱ्याच्या मित्राने लिहून दिलं होतं. सुरुवातीला रस्ते, शाळा, गटार. मग पुढचा परिच्छेद: ज्यांचं इथे घर नाही, शिवार नाही, ज्यांना गावचा देव माहीत नाही, अशा बाहेरच्यांच्या हातात गाव देणार का? पहिल्या ओळीपर्यंत वाचलं आणि थांबले. समोर सतरंजीवर बायका बसल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. मागे, रस्त्याच्या पलीकडे, अंधूक उजेडात खोल्यांतल्या बायका उभ्या होत्या. त्यांत ती होती की नाही, मला दिसलं नाही.

मी कागद खाली घेतला. "मीपण बाहेरचीच आहे," असं म्हणाले. "मी चिंचवडहून आले. माझ्या सासूबाई मावळातून आल्या. इथे बसलेल्या बायकांत या गावात जन्मलेली कोण आहे? आपण सगळ्याच बाहेरून आलोय. म्हणून बाहेरचं कुणाला म्हणायचं, ते मला कळत नाही. मत तुम्हाला ज्याला द्यायचं त्याला द्या."

पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आता हे खरं हाय की!" आणि बायकांमध्ये हसण्याची एक लाट गेली. व्यासपीठावर सासऱ्यांचा चेहरा मी बघितला नाही, बघायचं धाडस नव्हतं.

"चुकीचं न्हाई बोललीस," नवरा घरी येताना गाडीत म्हणाला. "पण आता मी वडलांना काय सांगू?"

"काही सांगू नका," मी म्हणाले. सासरे निकालापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

ती निवडून आली. मी हरले. फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते, आणि मला पहिल्यांदा जे वाटलं ते सुटका झाल्यासारखं होतं. पंचायतीत बहुमत मात्र आमच्याच पॅनेलचं आलं, त्यामुळे दोन्ही बाजूंना गुलाल. संध्याकाळी दोन मिरवणुका एकाच रस्त्यावर समोरासमोर आल्या. जेसीबीच्या बकेटमधून गुलाल उधळला जात होता, डीजेचा आवाज भिंतींना थडकत होता. कुणी कुणाला काय म्हणालं माहीत नाही. एक दगड आला, मग बरेच.

मी खिडकीतून बघत होते. ती मुलीला छातीशी धरून आमच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकली होती. गळ्यात हार, सगळं अंग गुलाबी. समोर तिचं घर, पण मधल्या रस्त्यावर दगड. मी धावत गेले, फाटक उघडलं आणि तिचा दंड धरून आत ओढलं. व्हरांड्यात सासूबाई उभ्या. तिला त्यांनी ओळखलं नसेल असं मला वाटलं, म्हणून मी सांगू लागले, "आत्या, ही..."

"कोण हाय ते मला दिसतंय. आधी दार लाव."

सासूबाई फार बोलायच्या नाहीत. घरातल्या राजकारणावर तर एक अक्षर नाही. त्यांनी त्या दोघींना हॉलमधल्या सोफ्यावर बसवलं. गुलालानं भरलेली ती सोफ्याच्या कडेला टेकून बसू लागली, तर सासूबाई म्हणाल्या, "नीट बस. पुसता येतंय." पोरीचं तोंड ओल्या फडक्यानं स्वतः पुसलं. मी चहा टाकला. तिच्या स्टीलच्या पेल्यासाठी हात वर केला, तर सासूबाईंनी मागून येऊन कपाटातल्या नव्या कपबश्या काढून दिल्या. कपबशी हातात घेताना तिला माझं चिन्ह आठवलं आणि ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. मग रडायला लागली. मीसुद्धा.

सासरे आले तेव्हा अंधार पडत आला होता. टोपीवर गुलाल, सदऱ्याची बाही फाटलेली. त्यांना पाहून ती ताडकन उभी राहिली. ते सगळ्यांकडे एकेकदा बघून चपला काढत म्हणाले, "बाहेर शांत झालंय. पण आत्ता जाऊ नगं. पोरगी भेदरली आसंल. जेवून जा." आणि हातपाय धुवायला मोरीत गेले. आम्ही सगळ्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली. तिची मुलगी सासऱ्यांच्या शेजारी बसून दोनदा पिठलं मागून जेवली.

त्यानंतर आम्हाला लपून भेटावं लागलं नाही. पंचायतीत ती एकटी पडायची. ठराव वाचून दाखवा म्हणायची, नाही वाचले तर खाली बसायची नाही. सासरे घरी येऊन कुरकुरायचे, "लई चिवट बाई हाय," आणि त्यात थोडं कौतुकही असायचं. खोल्यांना नळ यायला तिची बरीचशी मुदत गेली, पण आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. ती अजूनही कंपनीत जात होती. सकाळी बसची वाट बघत आमच्या फाटकापाशी उभी राहायची आणि मी केसांना तेल लावत तिथेच जाऊन बसायचे. त्या पाच-दहा मिनिटांत दिवसभराचं बोलून व्हायचं.

पुढे कंपनीने ती ज्यावर काम करायची ती लाइन बंद केली आणि तिचं काम गेलं. नवऱ्याला जालन्याला काम मिळालं आणि ते गेले. टेम्पोत सामान चढवताना दोन्ही घरांतली माणसं रस्त्यावर होती. चुलत सासऱ्यांनी एक दोरी धरली होती, माझ्या नवऱ्याने दुसरी. वरच्या रस्त्याला आता दोन्ही बाजूंना कंपन्या आहेत, ट्रकांची रांग असते, टिटव्या कुठे गेल्या कोण जाणे.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. मी तिला फोन केला, नुसतं सांगायला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन दारात उभी. बाराव्यापर्यंत राहिली. घर पाहुण्यांनी भरलं होतं. तिने न विचारता चूल सांभाळली. सासऱ्यांना वेळेवर चहा नेऊन द्यायची आणि ते संपवेपर्यंत शेजारी उभी राहायची.

तिसऱ्या दिवशी मावळातल्या एका मावससासूने तिला निरखून बघितलं. "तुमी कुणाकडच्या?"

"ह्यांच्या खोलीत भाड्यानं राहायचे मी," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "मग निवडणुकीत हिला पाडली."

मावससासूंनी आम्हा दोघींकडे बघितलं. मग सतरंजीवर सरकून त्यांनी जागा केली आणि मेथीची एक जुडी तिच्यापुढे ठेवली.