पाच माणसांनी वाचायचं पुस्तक

व्हर्ना स्टकी ही नेब्रास्कातल्या आमच्या गुराढोरांच्या गावातली शाळेची ग्रंथपाल. गाय कशी विते याच्या सचित्र पुस्तकावर एका पालकाने तक्रार केली. नियमाप्रमाणे पुस्तक शाळेच्या अधीक्षकांच्या कपाटात बंद झालं. पाच जणांच्या समितीने ते पूर्ण वाचून मे महिन्याच्या जाहीर सभेत निकाल द्यायचा, नाहीतर पुस्तक कायमचं रद्द. पण शाळेकडे प्रत एकच होती, आणि तीच कपाटात.

"कपाट उघड, डेल्विन," व्हर्ना म्हणाली. अधीक्षक तिचाच जुना विद्यार्थी.

"निकालाआधी उघडता येत नाही, बाई."

"मग वाचायचं कसं?"

"तेवढं नियमात नाही."

"सहावीतही तू असाच होतास!"

व्हर्नाने गुरांच्या डॉक्टरांकडून त्यांची प्रत मागून आणली. मेच्या सभेत गावातला कुणीही तीन मिनिटं बोलू शकतो. त्या संध्याकाळी अकरा गुरंवाले टोप्या काढून रांगेत उभे राहिले आणि प्रत्येकाने तीन मिनिटं तेच पुस्तक मोठ्याने वाचलं. एकाने तर चित्रातल्या वासराचे पाय कसे धरायचे तेही दाखवलं. पुस्तक संपलं.

"आता द्या निकाल," व्हर्ना म्हणाली.

समितीच्या अध्यक्षांनी घसा खाकरला. "समितीने ऐकलंय. नियमात वाचणं आहे, ऐकणं नाही. वकिलांना विचारावं लागेल."

व्हर्नाने खुर्ची ओढून दाराला लावली, तिच्यावर बसली आणि पुस्तक समितीतल्या पहिल्या बाईंच्या हातात दिलं.

"घ्या. पान एक. वाचून झालं की पुढच्याला द्या. मला घाई नाही."