दुःखानं लागलेली झोप

दुःखात माणसाची झोप उडते म्हणतात. माझं उलटं झालं. नवरा गेला त्या उन्हाळ्यात मला झोपेनं असं घेरलं की भाकरी टाकून होते न होते तोच मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची. करोनाची दुसरी लाट होती. बीडच्या दवाखान्यात नेलेला माणूस घरी आलाच नाही. माती द्यायलाही मोजकीच माणसं होती. मी काम करायची ती अंगणवाडी बंद, चर्च बंद, येणंजाणं बंद. नेकनूरजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं तशीही कमी. घरात उरलो आम्ही दोघी, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते.

आत्यांचा एकुलता एक मुलगा गेला होता. तरी पहाटे उठून चूल पेटवायच्या त्याच. चहाचा कप माझ्या उशाशी ठेवून हाक मारायच्या, "ऊठ गं बाई. माझ्या डोळ्याला दिसंना. वचन कोन वाचून दाखवील?"

त्यांना मोतीबिंदू झाला होता, हे खरंच होतं. आधी त्यांचा मुलगा बायबल वाचून दाखवायचा. आता मी वाचायला लागले, पण बसचा फलक वाचावा तसं. मन कशातच नव्हतं. वाचून झालं की आत्या फरशीवर गुडघे टेकून प्रार्थना करायच्या. त्यांची प्रार्थना म्हणजे देवाला गावची खबर देणं. कोणाच्या पोरीचं लग्न मोडलं, कोणाची गाय अडली, कोण दवाखान्यात आहे. शेवटी माझं नाव. एकदा मी सरळच म्हणाले, "आत्या, माझ्यानं प्रार्थना होत नाही. कशासाठी करू?"

मला वाटलं, रागावतील. पण त्या म्हणाल्या, "नगं करू. तू नुसतं वाच. तुझ्या वाटचं आमेन मी म्हनते."

आणि खरंच त्या दोनदा आमेन म्हणायच्या. एकदा स्वतःचं, मग जरा थांबून माझं. मला त्या दुसऱ्या आमेनचा राग यायचा आणि मायाही वाटायची.

पावसाळा संपत आला तेव्हा आमचं वाचन प्रभू येशूच्या शेवटच्या रात्रीपर्यंत आलं होतं. तो बागेत कळवळून प्रार्थना करतो आणि परत येऊन बघतो तर शिष्य झोपलेले. मी वाचत पुढं गेले.

"थांब," आत्या म्हणाल्या. "ते परत वाच. कशानं झोपले व्हते?"

मी परत बघितलं. दुःखानं, असं लिहिलं होतं. लहानपणापासून हा भाग मी किती वेळा ऐकला असेल. मला आपले ते शिष्य आळशी वाटत आले होते.

आत्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बघ, दुःखानं झोप लागती मानसाला. प्रभूला ठाव हाय ते. काहून झोपले म्हनून इचारलं त्यानं, पन टाकून न्हाई गेला. उठा म्हनला."

मी पुस्तक मिटलं आणि रडले. दवाखान्यातून फोन आला त्या दिवशीसुद्धा मी अशी रडले नव्हते. आत्यांनी मला जवळ ओढलं आणि मग त्यांनाही रडू आवरेना. त्या दिवशी आमची प्रार्थना राहिलीच. भाकरीही उशिरा झाल्या.

एकदम सगळं बदललं असं नाही. पण चहाच्या आधी मला जाग येऊ लागली.

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या. शेजारच्या मेंढपाळाच्या घरातला मुलगा आणि सून लेकरं घेऊन गेले. मागे त्याची म्हातारी आई राहिली, आणि दावणीला थोड्या शेळ्यामेंढ्या. तिला मी मावशी म्हणते. आत्यांचं आणि तिचं जन्माचं सख्य, आणि भांडणही रोजचं. आमची प्रार्थना चालू असताना पलीकडे ती अंगण झाडायची आणि शेळ्यांना मोठमोठ्यानं शिव्या घालायची.

थंडीतली एक सकाळ. मी वाचत होते. आत्यांनी हात वर केला.

"तिचा आवाज न्हाई आज."

"झोपल्या असतील, आत्या. गारठा लई आहे."

"ती? ती झोपती व्हय! ऊठ, चल."

मावशी गोठ्याच्या दारात पडल्या होत्या. पाय घसरला होता, उठता येत नव्हतं, अंग गार पडलेलं. गारठ्यानं घसा बसला होता, हाक फुटत नव्हती. शेळ्या भोवती ओरडत होत्या. आम्ही त्यांना पांघरूण घातलं, गल्लीतल्या एकाची जीप बोलावली आणि दवाखान्यात निघालो. मावशींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे मिटायला लागले की मी त्यांच्या गालावर थोपटायची. आणि माझ्या तोंडून शब्द यायला लागले, "देवा, हिला जाऊ देऊ नको. हिला तरी नको."

मी मोठ्यानं बोलतेय, हे मावशींनी डोळे उघडले तेव्हा कळलं. त्या बसक्या आवाजात म्हणाल्या, "तुझ्या देवाला हेबी इचार, माझ्या शेळ्या कोन सोडनार हाय?"

जीपवाला हसला, मीही हसले. आत्या मात्र पुढच्या सीटवरून मागं वळून रागानं म्हणाल्या, "मी सोडते की! गप पड तू!" त्यांचे डोळे वाहत होते.

मावशींच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, मुलगा उसाच्या फडावरून धावत आला, पण मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, त्याला परत जावंच लागलं. तो जाताना आत्या म्हणाल्या, "तुझी माय आमच्याकडं राहील." हिवाळाभर मावशी आमच्या ओसरीवरच्या खाटेवर होत्या. प्रार्थनेच्या वेळी त्या हात जोडून बसायच्या, मनात त्यांच्या बिरोबाचं नाव घ्यायच्या, आणि आत्यांची प्रार्थना लांबली की सांगायच्या, "आता पुरं कर, चा गार व्हतोय." आत्या गावाची खबर देताना एखादं घर विसरल्या तर मावशीच आठवण करून द्यायच्या.

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, तसे मुलगा-सून परत आले. मावशी काठी टेकत आपल्या घरी गेल्या. नंतर काही दिवसांनी मुलगा आमच्या दारात आला. खांद्यावर काळी घोंगडी होती, त्यांच्याच मेंढ्यांच्या लोकरीची.

"आई म्हनली, तुमी सकाळी गार फरशीवर गुडघे टेकता. ही घ्या."

आत्यांनी ती उलगडून बघितली, हात फिरवला. "लई टोचती की रे," म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हा दोघींच्या गुडघ्यांना पुरेल अशी रुंद पसरली.