विमलताईंनी न ऐकलेली गोष्ट

सुजातावहिनींचा फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीच्या गेटबाहेर चहा पीत होतो. वहिनी म्हणजे विमलताईंच्या सूनबाई. त्या एरवी फोन करत नसत. "ताई गेल्या, कैलासभाऊ," एवढंच बोलल्या... माझी नवी गोष्ट लिहून झाली होती, रविवारी ताईंना वाचून दाखवायचं ठरलं होतं. तो रविवार आलाच नाही.

मी भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा. आठवीत शाळा सुटली, कामासाठी गाव सुटलं. सुट्टीच्या दिवशी मोबाईलवर कविता लिहायचो आणि दिसेल त्या मासिकाला पाठवायचो. 'साभार परत' येण्याइतकंही नशीब नव्हतं, उत्तरच यायचं नाही. वाटायचं, माझ्या नावावरूनच यांना कळत असेल, पोरगं शिकलेलं नाही. म्हणून टोपणनाव घेतलं, 'वेदनापुत्र'. आमच्याकडच्या नव्या कवींत ती रीतच आहे, कोणी घायाळ, कोणी बेघर! त्या नावानं भोकरदनच्या एका छोट्या दिवाळी अंकाला दोन कविता पाठवल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या विमलताई तो अंक काढत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांचा फोन.

"वेदनापुत्र बोलून राह्यले का?"

"हो... म्हणजे मी कैलास."

"आईचं नाव वेदना आहे का रे?"

"न्हाई, कांताबाई."

"मंग त्या माउलीनं ठेवलेलं नाव काय वाईट आहे?"

कविता त्यांनी घेतल्या नाहीत. "सगळा चंद्रच आहे यात. घरचं काय चाललंय ते सांग," म्हणाल्या. मी सांगितलं, आई व्हिडिओ कॉलवर स्वतःचं तोंडच दाखवत नाही, फोन म्हशीकडं धरते. रडून डोळे सुजलेले मला दिसू नयेत म्हणून. ताई म्हणाल्या, "हे लिही."

लिहिलं. पण ताई कोणाचीच गोष्ट स्वतः वाचत नसत. रविवारी दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत गल्लीतल्या बाया डाळ, भाजी घेऊन निवडायला बसायच्या. ताई फोन स्पीकरवर टाकायच्या आणि लेखकानं वाचायचं. अर्ध्यात कौसाबाई नावाच्या शेजारणीचा आवाज आला, "इतका पाऊस कामून पाडून राह्यला हा? म्हशीचं काय झालं ते सांग म्हणावं." बाया हसल्या. ताई म्हणाल्या, "ऐकलं का? पाऊस काढ." मी दीड पान पाऊस काढला. पुढच्या रविवारी पुन्हा वाचलं, तेव्हा कोणी हसलं नाही.

छापायची वेळ आली तशी माझी झोप उडाली. मी फोन केला, "ताई, परिचयात शिक्षणाचं लिहू नका, लोक नावं ठेवतील. न्हाईतर वेदनापुत्रच राहू द्या." त्या म्हणाल्या, "मी प्रोफेसरचंबी शिक्षण छापत न्हाई, बाबा. नाव अन् गाव, बस." अंक आला. गोष्टीखाली माझं नाव, त्याखाली गाव. खोलीवरच्या पोरांनी पेढे मागितले. आईला वाचता येत नाही... तिनं शेजारच्या पोरीकडून वाचून घेतली आणि त्या संध्याकाळी फोन स्वतःच्या तोंडासमोर धरला. त्यानंतर ताईंनी माझ्या आणखी तीन गोष्टी छापल्या. दोन दुसऱ्या मासिकांकडेही पाठवायला लावल्या, आणि त्यातली एक छापून आली.

ताईंना श्रद्धांजली वाहायच्या, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भोकरदनला गेलो. ताईंच्या त्या पुढच्या खोलीत मी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो, पण आवाजावरून बाया ओळखू येत होत्या. जेवणं झाली. येताना गाडीत सगळा रस्ता एकच मनात घोळत होतं, आता माझं कोण ऐकणार? अंक बंद होणार, वहिनींनी नंतरच्या फोनवर सांगितलंच होतं. मी कोपऱ्यात उभा होतो, तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईनं हाक मारली.

"ए, तू तो म्हशीवाला ना?"

त्या कौसाबाई. म्हणाल्या, "नवी लिहिली म्हणत होती विमल. आणली का?"

"मोबाईलमध्ये आहे. पण आज..."

"मंग कधी? आज सगळ्या आहोत."

बाया भिंतीला टेकून बसल्या. मी खाली मान घालून वाचायला लागलो. पहिला परिच्छेद संपता संपता मी वर पाहिलं आणि थांबलो. समोरच्या खुर्चीवर ताईंचा फोटो, त्याला हार.

"थांबलास कामून?" कौसाबाई म्हणाल्या. "अन् तोंडातल्या तोंडात वाचू नको, मागच्या बायांना ऐकू येऊन न्हाई राह्यलं. उभं राहून वाच."

मी उभा राहिलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली.