न टेकणाऱ्या रेषा

रेषेला जाडी नसते, असं आमच्या भूमितीच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर गंभीरपणे छापलं आहे. त्या पुस्तकातल्या आकृत्या रंगवणारा माणूस ते वाचून म्हणाला होता, "सर, चार बोटांपेक्षा बारीक पट्टा असला की कुणाला दिसतच नाही बघा."

आधी तो चाकणच्या एका कंपनीत जमिनीवर पट्टे मारायचा. तसली कंपनी तुम्ही आतून पाहिली असेल तर ओळखाल : पिवळ्या पट्ट्यांमधून माणसांनी चालायचं, हिरव्या पेटीत पास माल, लाल पेटीत नापास. पुढे तो कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकला आणि पिंपळे सौदागरच्या आमच्या छोट्या प्रकाशनात आला. येताना रंग तेच घेऊन आला. पक्ष हिरवा. साध्य लाल, "कारण ते अजून पास नाही." आणि सिद्धतेसाठी आपण मधे जी रेषा काढतो, ती पिवळी. आमच्या सल्लागार विद्वानांना या रंगसंगतीत प्राचीन परंपरा दिसली. प्रस्तावनेत त्यांनी तिच्यावर दोन परिच्छेद खर्च केले.

अडचण एकच होती. त्याची पिवळी रेषा लाल रेषेला कधी टेकायची नाही. केसभर जागा राहायचीच.

"भाऊ, छेदल्या नाहीत तर सिद्धता कोसळेल."

"कोसळू द्या की ओ. कागदावर कोसळली तर कुणाला लागत नाही."

मग मी माऊस ओढून घेऊन रेषा जोडायचो. तेवढा वेळ तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खिडकीबाहेर बघत बसायचा.

एकदा डबा खाताना आपणहून बोलला. कंपनीत माल वाहणाऱ्या गाडीचा रस्ता आणि माणसांचा रस्ता एका जागी एकमेकांना कापत होते. नकाशाच तसा होता. पट्टे यानं मारले. त्याच जागी गाडीनं याच्या खोलीतल्या जोडीदाराला उडवलं.

"एक पाऊल बाहेर नव्हतं त्याचं, सर. बरोब्बर माझ्या पट्ट्यातनं चालला होता."

भाजी अर्धी राहिली होती. त्यानं झाकण लावलं.

त्यानंतर मी रेषा जोडायचो, ते तो चहाला गेल्यावर.

शेवटची आकृती त्रिकोणाच्या मध्यगांची होती. तिन्ही मध्यगा एकाच बिंदूत मिळतात, हेच तिथलं साध्य; चुकवायला वाव नाही. दिवसभर तो पडद्यासमोर बसून होता. संध्याकाळी उठला.

"घ्या सर. आणल्या एका जागी."

आणल्या होत्या. फक्त भेटीच्या जागी त्यानं एक पांढरा ठिपका ठेवला होता.

"हा कशाला?"

"थांबून दोन्हीकडं बघायला."

मी ती आकृती तशीच पाठवली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. फोन बंद. पुनावळ्यातल्या त्याच्या खोलीत नवा भाडेकरू. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

वाकडच्या चौकात सिग्नल हिरवा झाला तरी मी अजून थांबतो, दोन्हीकडे बघतो. मागून कुणीतरी ओरडतं, "ओ काका, झोपले का?"

पुस्तक छापून आलं, तेव्हा मी सगळ्यात आधी मध्यगांचं पान उघडलं. छापखान्यानं तो ठिपका छपाईतला दोष समजून नीट बुजवला होता.