सुकरीचं दार

फोन आला तेव्हा मी वाशिंदला लेकीकडे होते. नातवाला ताप होता म्हणून चार दिवसांसाठी गेले होते, आणि त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होते. पलीकडून माझा धाकटा भाऊ बोलत होता. "अक्का, सुकरी गेली गो." मला वाटलं भट्टीवर काहीतरी झालं असेल. त्या दिवसांत ती मुरबाडच्या पलीकडे वीटभट्टीवर असते. मी विचारलं, "कुठं? भट्टीवर?" तो म्हणाला, "नाय. घरात." मी म्हटलं, "घरात कशी असंल? तिचं दार माज्या ओटीवर हाय." मग त्याच्या रडण्याचा आवाज आला. माझा भाऊ आईच्या वेळीसुद्धा रडला नव्हता, म्हणून मला पट्टीचं भांडं खाली ठेवावं लागलं.

या घटनेला आता दीड महिना होत आला. तरी रोज सकाळी उठल्यावर मला क्षणभर वाटतं की हे कुणीतरी दुसऱ्याच वाडीचं सांगत होतं.

दाराचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला कळायचं नाही. सुकरी कातकरी, मी ठाकूर. शेणव्याजवळ आमची वाडी टेकडीच्या उतारावर आहे आणि तिची वाडी खाली, सडकेला लागून, दुसऱ्याच्या जमिनीवर. दिवाळी झाली की तिच्या वाडीतली माणसं पोरंबाळं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. घरं कारवीच्या कुडाची, वरून मातीने सारवलेली. अशा घराला कुलूप लावून काय उपयोग? कूड कुणीही हाताने मोडतो. एका वर्षी सुकरीचा बाप परत आला तर घराचं दारच नव्हतं. कुणीतरी चुलीत घातलं होतं. कूड दर वर्षी नवा घालता येतो, कारवी रानात फुकट मिळते, पण दाराच्या फळ्या कुठून आणायच्या? बापाने खटपट करून पुन्हा सागाचं दार केलं (लाकूड कुठून आलं हे आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही) आणि तेव्हापासून भट्टीवर जाताना तो दार काढून आमच्या ओटीवर आणून ठेवायला लागला. त्याचं बघून बाकीचेही आपापल्या ओळखीच्या घरी दारं ठेवू लागले. बाप गेल्यावर सुकरी आणू लागली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दार, आणि खालून तिचं ओरडणं, "हिरे, बाजूला हो गो, माजं घर येतंय!"

त्यामुळे आमच्या पंचक्रोशीत लहान पोरालाही माहीत असतं की कातकऱ्याच्या घराला दार नसेल तर आत माणूस नाही.

आम्ही दोघी एकाच आश्रमशाळेत होतो. गुरुजींनी तिचं नाव हजेरीत 'सुकन्या' घातलं होतं. ती त्या नावाला कधीच ओ द्यायची नाही आणि रोज गैरहजर लागायची. शेवटी गुरुजीच थकले आणि सुकरी म्हणून पुकारायला लागले. पाढे तिला माझ्याआधी यायचे, आणि माझ्याहून मोठ्या आवाजात यायचे. पण माझी दिवाळीची सुट्टी संपायची, तिची संपायची नाही. मी पाटी घेऊन शाळेत परतायचे तेव्हा ती भट्टीवर विटा उलटत असायची. पाचवीनंतर ती आलीच नाही. मी पुढे शिकले, मास्तरीण झाले, याच तालुक्यात नोकरी करून निवृत्त झाले.

शहरातल्या मैत्रिणी मला विचारतात, "तुम्ही दोघीही आदिवासीच ना? मग एवढा फरक कसा?" कागदावर एकच शब्द आहे खरा. पण माझ्या आज्याकडे भाताचं खाचर होतं. लहानसं होतं, पण होतं. होळीपर्यंत भात पुरायचा, मग उतारावरच्या वरकस जमिनीतली नागली आणि वरई. रानातले कंद, मोहाची फुलं, मध हे सगळं जोडीला. एका जागी राहत होतो म्हणून शाळा दिसली, शाळा दिसली म्हणून नोकरी दिसली. आज आमच्या वाडीत दोन पोलीस आहेत, एक नर्स आहे, घरकुलं उभी राहिली आहेत, पोरं ट्रॅक्टर चालवतात, जेसीबी चालवतात. सुकरीचे पूर्वज खैराचा कात पाडायचे. जिथे खैर तिथे त्यांचा डेरा. रान बंद झालं तेव्हा कोळसा पाडायला लागले, मग विटा. जेव्हा जेव्हा कुणी जमिनीवर नावं लावायला आलं, तेव्हा तेव्हा ही माणसं कामाला गेलेली होती. सरकारी माणूस यायचा, दारं नसलेली घरं बघायचा आणि निघून जायचा. तिला घरकुल मंजूरसुद्धा झालं होतं. जागा नावावर नाही म्हणून परत गेलं. तेव्हा ती मला म्हणाली होती, "मला सिमेटाचं घर नको गो. माज्या चुलीखालची जागा तेवढी माजी होऊ दे. मंग मी दार काढणार नाय. भट्टीवर गेली तरी दार लावून जाईन." तिला आयुष्यात एवढंच हवं होतं. दर वर्षी दार टेकवताना ती हेच बोलायची आणि मी "होईल, होईल" म्हणायचे.

आणि आम्ही काही फार थोर होतो असंही नाही. आमच्या आईला कातकऱ्याचा विटाळ व्हायचा. दार ओटीपर्यंत यायचं, दाराची मालकीण अंगणापर्यंत. आई तिला वरून पाणी ओतायची आणि ती ओंजळीने प्यायची, वर आईलाच चिडवायची, "म्हातारे, नीट वत, अर्धं पानी माज्या कोपरातनं जातंय." आई गेल्यावर मी तिला पहिल्यांदा चुलीपाशी बोलावलं. ती आली, पण उंबऱ्यावरच टेकली. "सवय नाय गो," म्हणाली आणि बशीतला चहा फुंकत बसली. नंतर कितीही ओढलं तरी ती उंबऱ्याच्या आत सरकली नाही. मला त्याचा राग यायचा, आणि माझ्या रागाचं तिला हसू यायचं.

माझ्या भावाचा मुलगा कैलास तिच्या अंगाखांद्यावर वाढला असं म्हटलं तरी चालेल. लहानपणी तो तिच्यामागे ओढ्यात खेकडे धरायला जायचा. ती बिळात हात घालायची आणि हा वर टोपली धरून नाचायचा. तिला मावशी म्हणायचा. दार आणलं की दुसरी बाजू धरायला हाच धावायचा, आणि ते भिंतीला टेकवून झालं की ती त्याला म्हणायची, "आता माजं घर तुज्या सवादीन रं." तो मोठा झाला, जेसीबी शिकला. आमच्या घरात कुणाच्या तरी हाताखाली एवढं मोठं यंत्र आलं म्हणून त्याच्या आईने त्याला हार घातला होता.

गेल्या दोन वर्षांत सडकेकडेच्या जमिनींना भलताच भाव आला. सुकरीची वाडी ज्याच्या सातबाऱ्यावर होती त्याने जमीन विकली. घेणाऱ्यांना तिथे फार्महाऊसचे प्लॉट पाडायचे होते. त्यांनी कुणाला नोटीस दिली, कुणाला नाही, याची केस चालू आहे, म्हणून मी त्यावर लिहीत नाही. एवढंच सांगते की घरं पाडायचं काम होळीनंतर काढलं होतं, वाडी भट्टीवर असताना. मागे राहिलेली म्हातारी माणसं त्या सकाळी रेशनला गेली होती. जेसीबीवर कैलास होता.

सुकरीला भट्टीवर ताप भरला होता, म्हणून ती एकटीच आदल्या दिवशी गाडीत बसून परत आली होती. भाऊ वाडीच्या वरच्या टोकाला वेगळा राहतो; त्याच्या घरी कुणाला ठाऊक नव्हतं. ती आधी माझ्याच घरी आली. ओटीला जाळी आहे, जाळीला कुलूप, दार आत. शेजारची बाई म्हणाली, "अक्का वाशिंदला गेलीय, दोन दिसांनी येल." सुकरी थोडा वेळ माझ्या पायरीवर बसली, पाणी प्याली. शेजारीण तिला म्हणाली, माझ्याकडे झोप. ती हसून म्हणाली, "नाय गो, घरातच पडते. दोन दिस दाराबिगर काय होतं?" आणि भिंतीला धरून धरून उतार उतरली. सकाळी जेसीबी आला तेव्हा ती आत तापात पडून होती.

कैलासला मी चौथ्या दिवशी भेटले. पोलीस स्टेशनच्या व्हरांड्यात तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. मला वाटलं होतं मी त्याला मारीन. खरंच वाटलं होतं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत्या, दार नव्हतं. मी उतरून बघितलं ना. मला ठावं हाय ना आपल्यातलं. दार नव्हतं, म्हणून हाक मारली नाय." हेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. माझा हात उचललाच गेला नाही. घरी येताना मला एकच गोष्ट सुचत होती. यंत्रावर कुणी परका असता, बाहेरगावचा, ज्याला आमच्याकडचं काही माहीत नाही असा, तर तो आत डोकावला असता. उघडं घर बघून त्याने एक हाक तरी मारली असती. आमच्या पोराने मारली नाही, कारण त्याला सगळं माहीत होतं.

तिला वाडीमागे ओढ्याकाठी मूठमाती दिली. भट्टीवरून सगळे आले होते, विटांच्या धुळीने लाल झालेले. आमच्या वाडीतलेही झाडून आले, आणि दोन्हीकडचे वेगवेगळे उभे राहिले. मी मधे उभी होते आणि कुठल्या बाजूला जावं ते मला कळत नव्हतं.

मी घर उघडलं तेव्हा दार ओटीवर होतं तसंच होतं. दर वर्षी त्याच जागी टेकवून टेकवून माझ्या भिंतीवर त्याच्या वरच्या कडेची एक रेघ पडली आहे. दिवाळीला रंग काढताना लेक म्हणायची, "आई, ही रेघ बुजवून घे." आणि मी म्हणायचे, "राहू दे, सुकरी परत उमटवणारच आहे." त्या दिवसापासून मला ओटीवर बसवेना. जामिनावर सुटल्यापासून कैलास आमच्या घरी येतो, पण अंगणातच उभा राहतो. ज्या अंगणात आईने सुकरीला उभं केलं होतं, तिथेच.

गेल्या आठवड्यात सुकरीची मुलगी मंगल आली. दुपारची वेळ होती, कैलास कुंपणाशी बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाली, "मावशे, दार दे."

"कुठं लावशील गो? भिंती कुठं हायत?"

"भिंती मागनं बघू. आदी दार."

मी ओटीकडे वळले. सुकरी ते डोक्यावर आणायची, पण एवढं जड दार आम्हा दोघींना उचलवणार नव्हतं, हे तिलाही दिसत होतं. ती पुढे झाली आणि तिने दारावर हात ठेवला. मग मागे न वळता तिने विचारलं, "तो येल का दुसरी बाजू धराया?"

कैलास ओटीवर चढला. दोघांनी दार उचललं आणि उताराने खाली निघाले, मी मागून. सुकरीच्या घराच्या जागी सपाट माती होती आणि प्लॉटवाल्यांचे चुन्याने रंगवलेले खुंट होते. मंगलने दोन लाकडी मेढी आणून ठेवल्या होत्या. कैलासने पहारीने खड्डे खणले, मेढी रोवल्या, तारेने दार बांधलं. मी दगड ठोकून दिले. दार उभं राहिलं. आजूबाजूला भिंत नाही, वर छप्पर नाही, सडकेवरून जाणारे टेम्पोवाले वेग कमी करून बघत होते. मंगलने दार ढकललं, वाकून आत गेली आणि मागे लावून घेतलं. बाजूने सगळं दिसत होतं. सुकरीची चूल जिथे होती तिथे ती तीन दगड मांडत होती.

निघायचं म्हणून मी पहार उचलली. कैलास हलेना. तो दारासमोर उभा राहिला, तोंड पुसलं आणि बंद दाराकडे बघून त्याने हाक मारली, "मावशी... आत हायस का?"

मंगलचे हात थांबले. आतून तिचा आवाज आला.

"हाय. आमी हाव हितं."